न उमटलेली रेघ

गुरुवारी सकाळी कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर जमणारी माणसे स्वतःची ओळख एका नावाने आणि एका तारखेने करून देत. नाव आईबापांनी ठेवलेले असे. तारीख ज्याची त्याने मिळवलेली. गोळी, पूड, सुई यांपैकी कशालाही शेवटचा हात लावला त्याच्या दुसऱ्या दिवसाची ती तारीख. "मी डेलफा कॉडिल. सहा नोव्हेंबर," असे डेलफा म्हणे, मग सारी खोली टाळ्या वाजवी आणि पुढचा माणूस उभा राही.

डोंगरांमधल्या त्या लहानशा गावात डेलफाजवळ स्वतःचे म्हणावे असे फारसे उरले नव्हते. नवरा मातीखाली गेला होता, घर बँकेने नेले होते आणि ती भावाच्या परसातल्या चाकांवरच्या ट्रेलर-घरात राहत होती. फुलांच्या दुकानात थडग्यांवर वाहायच्या कापडी गुलाबांना तारा गुंडाळण्याचे काम तिला मिळाले होते. तेही दुकानदारीण तिच्या आईची मैत्रीण होती म्हणून. त्या तारखेवर मात्र कुणाचे उपकार नव्हते.

गोळ्या विकल्याचा गुन्हा तिने कबूल केला होता आणि पाच वर्षांची शिक्षा डोक्यावर टांगती होती. व्यसनींना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवणाऱ्या या ड्रग कोर्टाचे नियम पाळून ती शेवटपर्यंत पोहोचली तर शिक्षा रद्द होणार होती. वाटेत घसरली तर थेट तुरुंग. सव्वा वर्ष उलटले होते आणि शेवट आता दृष्टिपथात आला होता. वसंत आला की तिचा पदवीसमारंभ व्हायचा होता. कोर्टातली माणसे त्याला खरोखरच पदवी म्हणत, आणि त्या दिवशी केकही असे.

रोज सकाळी एका क्रमांकावर फोन लावायचा आणि ध्वनिमुद्रित आवाज कोणता रंग सांगतो ते ऐकायचे; ज्याचा रंग निघेल त्याने त्याच दिवशी जाऊन लघवीचा नमुना द्यायचा, असा नियम होता. डेलफाचा रंग जांभळा. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आवाज "जांभळा" म्हणाला, तेव्हा ती अंथरुणात बसून खोकत होती. छातीत न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरने जाडजूड अँटिबायोटिक गोळ्या दिल्या होत्या आणि खोकल्याचे एक गोड औषधही लिहून दिले होते. त्यात कोडीन, म्हणजे मॉर्फिनसारखेच अफूच्या जातीचे औषध, असते हे ठाऊक असल्याने तिने ती बाटली घेतलीच नाही. औषधावाचून ती इतकी खोकली, की एका बरगडीत कळ बसली. ती कळ तिने दागिन्यासारखी अंगावर वागवली होती.

देखरेखीचे काम मिस रोवेना पाही. साठीला टेकलेली, अंगाने भरलेली आणि मनाने त्याहून. बाथरूमचे दार उघडे ठेवून समोर उभे राहणे हे तिच्या कामातच मोडे. पण उभी राहताना ती छताकडे पाहून स्वयंपाकाच्या गोष्टी करी, म्हणून बायकांना ती आवडे.

"काल बीन्स शिजत टाकले आणि झोपूनच गेले बघ," ती म्हणत होती. "भांडं असं करपलंय, की आता त्याचं थडगंच बांधायचं. तुझ्याकडून फुलं घेईन."

डेलफाने हसत कप तिच्या हाती दिला. कपाच्या आतून पट्ट्यांची एक रांग होती, प्रत्येक व्यसनाला एक घर. रेघ उमटली तर माणूस स्वच्छ; न उमटली तर दोषी. इथे माणसाला दोषी ठरवायला काहीतरी असावे लागत नसे, काहीतरी नसले की पुरे, हे डेलफाला पहिल्यापासून विचित्र वाटत आले होते.

एकेका घरात गुलाबी रेघा उमटत गेल्या. मॉर्फिनच्या घरात उमटली नाही.

मिस रोवेनाने कप उजेडाकडे धरला, तिरका केला, जरा वेळ थांबून पुन्हा पाहिले. मग तिने तो जपून टेबलावर ठेवला.

"डेलफा, पोरी," ती म्हणाली, "मी ओरडणार नाहीये. फक्त खरं सांग."

"मी काहीही घेतलेलं नाही."

"सगळे आधी हेच म्हणतात गं."

"मग ज्यांनी खरंच घेतलेलं नसतं, ते काय म्हणतात?"

मिस रोवेनाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि डेलफाला शिवीपेक्षा ते पाणी अधिक लागले.

"माझ्या त्या गोळ्या चालू आहेत ना, न्यूमोनियाच्या. त्यांनी झालं असेल."

"अगं, अँटिबायोटिक जंतू मारतं, रेघा पुसत नाही. ते काही नशेचं औषध आहे का?" तिने डेलफाचा हात हातात घेतला. "तुला शिकवलंय ना आम्ही? नाकारणं हेच या दुखण्याचं पहिलं लक्षण. गुरुवारी जज्जबाईंपुढे सरळ कबूल कर. शनिवार-रविवार कोठडीत काढशील, नवी तारीख घेशील, आणि पुन्हा चालायला लागशील. पण तू नाही म्हणालीस, नमुना मोठ्या लॅबला गेला आणि तिथूनही हेच आलं, तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. पाच वर्षं, पोरी."

नियम तसाच होता. प्रामाणिकपणाला सवलत, खोटेपणाला शिक्षा. चांगल्या माणसांनी चांगल्या हेतूने केलेला तो नियम होता. अशा नियमाशी भांडायला माणसाला तोंडच सापडत नाही.

गुरुवारी तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन तिला पिकअपमधून कोर्टात घेऊन निघाला. नदीवर धुके होते. दोघांच्या मध्ये सीटवर कागदात गुंडाळलेली, सॉसेज भरलेली पावासारखी बिस्किटे निवत पडली होती.

"खा की काहीतरी, सिसी. उपाशी पोटी धीट होता येत नाही." ताईला तो लहानपणापासून सिसीच म्हणे.

"नको."

"कबूल करतेयस ना?"

तिने बिस्किटांचा पुडा त्याच्याकडे सरकवला.

"हे बघ," व्हर्लिन म्हणाला, "तू घेतली नसशील. मी मानतो. मनापासून मानतो, समज. पण दोन रात्रींचा तर प्रश्न आहे! त्या कोठडीत तू याहून वाईट रात्री काढल्यायस. एक वाक्य बोलायचं आणि मोकळं व्हायचं. खोटं बोलायला तुला कधीपासून जड जायला लागलं गं?"

"सहा नोव्हेंबरपासून," डेलफा म्हणाली.

व्हर्लिनचा चेहरा पडला. मग तो पुटपुटला, "आईच्या अंगठीच्या वेळी तू बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होतीस. आणि अंगठी तुझ्याच खिशात होती."

"होती."

"मग कसा विश्वास ठेवायचा माणसानं?"

"नको ठेवूस. गाडी चालव."

यात राग नव्हता. इतकी वर्षे तिने या भावाचे पैसे, अवजारे, दया, सगळे चोरले होते, आणि प्रत्येक वेळी तिचे खोटे त्याला खरे वाटले होते. आज ती पहिल्यांदा खरे बोलत होती आणि ते खोट्यासारखे ऐकू येत होते. त्याला तरी कसा दोष द्यायचा?

कोर्टाच्या लाकडी बाकावर तिच्याशेजारी ओडिस फ्यूगेट येऊन बसला. ट्रक दुरुस्त करणारा पन्नाशीचा माणूस. खाणीत पाठ मोडली, पाठीच्या दुखण्यावर गोळ्या आल्या, आणि गोळ्यांमागून बाकी सगळे. त्याच्या बोटांच्या पेरांतले काळे ग्रीस कोणत्याही साबणाला दाद देत नसे.

"ऐकलं मी," तो हळू आवाजात म्हणाला. "या मजल्यावर शिंकलं तरी खाली तुरुंगात 'देव भलं करो' म्हणतात. हे बघ बाई, शहाणपणा सांगतो. कबूल करून टाक. मी नाही का केलं मागच्या शरदात?"

डेलफाला तो दिवस आठवत होता. ओडिसने उभे राहून, मान खाली घालून, एक गोळी घेतल्याचे सांगितले होते. त्याला इतक्या टाळ्या पडल्या होत्या, की दुसऱ्या कुणाला कधी पडल्या नव्हत्या. जज्जबाईंनी त्याच्या धैर्याचे कौतुक केले होते आणि स्वतःच्या हाताने त्याला चॉकलेट दिले होते.

"तुझं वेगळं होतं. तू घेतली होतीस," डेलफा म्हणाली.

ओडिसने इकडेतिकडे पाहिले. "कुठली घेतोय! मूत्रपिंडाला सूज होती. तापाने फणफणलो होतो. डॉक्टरनं ते जंतूंचं औषध दिलेलं, तेवढंच पोटात."

डेलफा त्याच्याकडे वळली. खोकल्याची उबळ आली ती तिने ओठांत दाबली.

"मग कबूल का केलंस?"

"सगळ्यांचं तेच म्हणणं. बायको म्हणाली, मिस रोवेना रडली. शेवटी मलाच वाटायला लागलं, घेतलीही असेन. तापात माणसाला काय आठवतं? आणि टाळ्या काय झाल्या म्हणून सांगू! माझ्या लग्नातसुद्धा एवढ्या झाल्या नव्हत्या." तो हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही.

"आणि तुझी तारीख?"

"गेली. नवी दिली त्यांनी." ओडिस अंगठ्याने बोटांवरचे ग्रीस पुसू लागला, जणू आज ते निघणारच होते. "तारीखच ती. एक गेली, दुसरी आली."

त्या क्षणापर्यंत डेलफाचा निश्चय झाला नव्हता. गाडीत ती जे बोलली होती, ते भावाला चटका बसावा म्हणून बोलली होती. पण ओडिसचा तो अंगठा पाहताना तिच्या आतले काहीतरी गोठून कठीण झाले. हा माणूस स्वतःच्याच घरात भाडेकरू होऊन राहत होता.

तिचे नाव पुकारले गेले. न्यायाधीश ओर्लीना ब्रॅशर चष्म्यावरून पाहत होत्या. त्यांच्या आवाजात शाळेतल्या आवडत्या बाईंची माया होती आणि ती खरी होती.

"डेलफा, आपण इथे चुकीला शिक्षा देत नाही, लपवण्याला देतो. तुला ठाऊक आहे. काय घडलं ते मला सांगशील?"

"काही घडलं नाही, जज्जबाई."

खोलीत कुणीतरी निःश्वास सोडला.

"नीट विचार कर. नमुना पुढे पाठवला, तर निकाल येईपर्यंत तुला आत राहावं लागेल. आणि निकाल असाच आला, तर हा कार्यक्रम तुझ्यासाठी संपला. तो निर्णय मी घेतला असं म्हणू नकोस. तो तू आत्ता घेतेयस."

"हो, मीच घेतेय. पाठवा नमुना."

"डेलफा—"

"जज्जबाई, तुम्ही मागच्या वेळी मला दोषी आहेस का म्हणून विचारलंत, तेव्हा मी हो म्हणाले, कारण मी दोषी होते. आत्ता नाही म्हणतेय, कारण मी दोषी नाही. माझं हो तुम्ही लगेच लिहून घेतलंत. नाहीलाही तेवढंच मोल द्या."

टाळ्या वाजल्या नाहीत. मागच्या बाकावर व्हर्लिनने दोन्ही हातांत तोंड लपवले. बेड्या घालणारा शिपाई तिच्याच वर्गात शिकलेला होता. त्याने बेड्या सैल घातल्या आणि तिच्या नजरेला नजर दिली नाही.

कोठडीच्या उंच खिडकीतून समोरच्या डोंगराचा माथा दिसे. कोळशासाठी तो कापून सपाट केला होता, आणि कापलेल्या जागी आता गवत रुजले होते. डेलफा त्या सपाटीकडे पाहत पडून राही. अँटिबायोटिकच्या गोळ्या संपत आल्या होत्या, खोकला उतरत होता, पण बरगडीची कळ होती तिथेच होती.

तिथे तिला होबार्ट, तिचा गेलेला नवरा, आठवणीत भेटे. पाच नोव्हेंबरची ती संध्याकाळ. ओढ्याकाठी उभा केलेला ट्रक, काचेवर चिकटलेली ओली पाने. होबार्टने गोळी दाताने तोडली होती. अर्धी त्याची, अर्धी तिची. त्याच्याही वाट्याला अर्धीच आली होती आणि तिच्याही. उजाडल्यावर ती जागी झाली. तो झाला नाही. दोन सारख्या अर्ध्यांमध्ये देवाने निवड कशी केली, हे तिला कधी उमगले नाही. पण त्या सकाळी त्याचा थंड हात हातात घेऊन ती एक वाक्य बोलली होती, आणि त्या वाक्याला दुसरा साक्षीदार नव्हता. कोर्टाच्या दृष्टीने सहा नोव्हेंबर ही नोंद होती. तिच्या दृष्टीने तो होबार्टला दिलेला शब्द होता. त्या शब्दानंतर मी एक गोळी घेतली, असे खोलीभर माणसांसमोर म्हणायचे म्हणजे त्या ट्रकमध्ये परत जाऊन त्याचा हात सोडून द्यायचा.

कधी कधी मन डळमळे. पाच वर्षे! ती बाहेर येईल तेव्हा व्हर्लिनची मुले तिला ओळखणार नाहीत. लॅबचे यंत्रही चुकले तर? पट्टी चुकते, तर यंत्र का नाही चुकणार? एकदा तिने पहारेकऱ्याला हाकही मारली. सांग रोवेनाला, मी कबूल करते, असे तिला म्हणायचे होते. पण तो दाराशी आला आणि "काय गं?" म्हणाला, तेव्हा तिने प्यायला पाणी मागितले.

पुढच्या गुरुवारी तिला वर नेले, तेव्हा जज्जबाईंच्या टेबलावर फोनचा स्पीकर चालू होता आणि दूरच्या शहरातल्या लॅबमधला रसायनतज्ज्ञ कोरड्या आवाजात बोलत होता.

"नमुन्यात मॉर्फिन नाही, कोडीन नाही, त्या वर्गातलं काहीच नाही. एक अँटिबायोटिक आहे."

"मग आमच्या कपात तसं का दिसलं?" जज्जबाईंनी विचारले.

"कपातली पट्टी पदार्थ नेमका ओळखत नाही, मॅडम. त्याची साधारण चण ओळखते. लांबून येणाऱ्या माणसाची चाल बघून आपण म्हणतो, हा अमक्याचा भाऊ, तसं. त्या जातीची काही अँटिबायोटिक्स पट्टीला फसवतात. हे आम्हाला बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे."

"मग आम्हाला कुणी सांगितलं का नाही?"

फोनमध्ये क्षणभर खरखर झाली. "तुमच्याकडून असे नमुने येतच नाहीत. कबुली मिळाली की नमुना पुढे पाठवत नाही ना तुम्ही."

जज्जबाईंनी फोन बंद केला. मिस रोवेना भिंतीशी उभी होती. तिचा हात तोंडावर गेला होता. जज्जबाईंनी डेलफाकडे पाहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर लाज आणि आनंद एकमेकांत मिसळले.

"डेलफा कॉडिल," त्या म्हणाल्या, "मी तुझी माफी मागते. तू आज मोकळी आहेस आणि तुझी तारीख सहा नोव्हेंबरच राहील. मंडळी, डेलफासाठी टाळ्या!"

टाळ्या सुरू झाल्या. व्हर्लिन तर उभा राहून वाजवत होता, रडत होता.

"थांबा," डेलफा म्हणाली.

तिचा आवाज खोकल्याने फाटला होता, पण सर्वांना ऐकू गेला. टाळ्या चाचपडत थांबल्या.

"नका वाजवू. मी आज काही केलेलं नाही. गेल्या आठवड्यात मी जे बोलले, तेच आज फोनवरच्या माणसानं सांगितलं. तेव्हा तुमचे हात मांडीवर होते, ते आताही तिथंच राहू द्यात."

"सिसी!" व्हर्लिन कळवळून म्हणाला.

"तुझ्यावर राग नाही रे. बस खाली." ती जज्जबाईंकडे वळली. "माफी मागितलीत, मी घेतली. पण या खोलीत आजवर ज्यांनी कबूल केलं, त्यांच्या पोटात त्या दिवशी कोणतं औषध होतं, हे कुणी कधी विचारलं होतं का? तुम्ही खऱ्याला सवलत देता म्हणालात. सवलत खऱ्याला मिळत नाही, जज्जबाई. ती तुम्हाला जे ऐकायचं असतं, त्याला मिळते."

शिपाई एक पाऊल पुढे आला. जज्जबाईंनी बोटाने त्याला थांबवले.

डेलफाला वाटले, आता आपले बोलून झाले. तिला बसायचे होते. तेवढ्यात मागे बाक करकरला. ओडिस फ्यूगेट उभा राहत होता. मोडक्या पाठीच्या माणसाला उभे राहायला वेळ लागतो. साऱ्या खोलीने तो वेळ त्याला दिला.

"मला माझी कबुली परत हवी," तो म्हणाला.

"ओडिस, आज तुमची पाळी नाही," जज्जबाई म्हणाल्या.

"ठाऊक आहे. पाळीच्या दिवशी माझ्याच्यानं बोलवणार नाही."

"त्या कबुलीवर तुमची सही आहे."

"सही माझी आहे. कबुली तुमची होती, बाई. तुम्ही सगळ्यांनी मिळून दिलेली. मला ताप होता, मी घेतली."

कुणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले.

"तुमचा नमुना केव्हाच फेकला गेला," जज्जबाई सावकाश म्हणाल्या. त्या त्याला अडवत होत्या की स्वतःलाच काही सांगत होत्या, हे कळत नव्हते. "आता तपासायला काही उरलेलं नाही. तुम्ही हे सिद्ध कसं करणार?"

"सिद्ध करत नाहीये," ओडिस म्हणाला. "सांगतोय."

डेलफा बसली नाही. बाकांच्या रांगेतून चालत ती त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिने त्याला हात लावला नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. दोघे समोर पाहत उभे राहिले.

"बसा, दोघंही," जज्जबाई म्हणाल्या.

दोघे बसले नाहीत.

खाली रस्त्यावरून कोळशाचा एक ट्रक घरघरत चढ चढून गेला. मग ओर्लीना ब्रॅशर यांनी चष्मा काढला, डोळ्यांच्या कडा चिमटीत धरल्या, आणि समोरचा कोरा कागद ओढून घेतला.

"तुमची आधीची तारीख काय होती, ओडिस?"

ओडिसने तोंड उघडले. इतके महिने दर गुरुवारी तो दुसरीच तारीख म्हणत आला होता, आणि जिभेला तिचीच सवय झाली होती. त्याने एकदा सुरुवात केली, चुकीचा महिना तोंडात आला, त्याने मान हलवून तो झटकला. डेलफाने त्याला घाई केली नाही. जज्जबाई पेन धरून थांबल्या होत्या.

"अकरा मे," तो म्हणाला. आणि मग, खोलीतल्या कुणाला ऐकू आले नसेल म्हणून, पुन्हा एकदा मोठ्याने.